कोरडा घास

'जिभेचे चोचले' हे शब्द आपल्या भाषेत कोणी स्तुती करण्यासाठी वापरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पोट भरणे ही गरज आणि चव ही चैन, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. भाकरीसाठी राबणाऱ्याला आपण कष्टाळू म्हणतो. पण तीच भाकरी मऊ, खमंग व्हावी म्हणून कोणी तासभर अधिक खपले, तर त्या तासाचे काय करावे हे आपल्याला उमगत नाही. तो तास सद्गुणाच्या खात्यात मांडावा, दुर्गुणाच्या खात्यात मांडावा, की त्याला नीतीचा स्पर्शच नाही असे समजून सोडून द्यावे?

वाचकहो, हा प्रश्न आम्हाला ग्रंथ वाचताना पडला नाही. तो भुसावळच्या एका स्वयंपाकघरात, टर्कीच्या खिम्याच्या एका साध्या पदार्थामुळे पडला आणि तोही आमच्या हातून एक चूक घडून गेल्यानंतर. ती चूक येथे सांगत आहोत. कारण ती सांगितल्यावाचून पुढचा विचार पोकळ ठरेल.

भुसावळ हे रेल्वेचे गाव. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा खांडव्याकडे, दुसरा नागपूरकडे जातो. ह्या जंक्शनामुळे गावात नाना प्रांतांची माणसे आली, त्यांत अँग्लो-इंडियन कुटुंबेही होती. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते गृहस्थ इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी लग्न होऊन रेल्वेच्या वसाहतीत आल्या, तेव्हा शेजारच्या अँग्लो-इंडियन घरातून त्या केक करायला शिकल्या, तसाच मीटलोफही शिकल्या. खिमा मसाल्यात कालवून, पावाच्या आकाराच्या साच्यात भरून भट्टीत भाजायचा आणि कापा करून वाढायचा, असा हा पदार्थ. त्या काळी घरात भट्टी नसे. पत्र्याचा साचा कापडात गुंडाळून बेकरीवाल्याकडे पाठवायचा आणि संध्याकाळी परत आणायचा, अशी रीत होती. तेव्हाचा खिमा मटणाचा असे. त्याला स्वतःची चरबी असल्यामुळे पदार्थ कधी बिघडला नाही.

पुढे गृहस्थांना हृदयाचा विकार जडला. डॉक्टरांनी चरबीचे मटण बंद केले आणि कमी चरबीचे पांढरे मांस खाण्यास सांगितले. दातही बरेचसे गेले होते. मुलगा मुंबईस नोकरीला. तो नाताळला घरी येताना गोठवलेली टर्की घेऊन आला. तिचा खिमा करून ठेवला आणि बाईंनी जुन्याच पद्धतीने मीटलोफ केला. तो भुशासारखा कोरडा झाला. गृहस्थांनी एक शब्दही न बोलता पाण्याच्या घोटाबरोबर दोन कापा संपवल्या. बाई सांगत असत, "फादर, ते काही बोलले असते तर बरं झालं असतं."

टर्की हा पक्षी तसा आपल्याकडे पाहुणाच. त्याचे मूळ घर अमेरिका खंडात. मेक्सिकोतील लोकांनी त्याला प्रथम माणसाळवले. इंग्रज त्याला तुर्कस्तानचे नाव देतात, तुर्क लोक त्याला 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज भाषेत तो 'पेरू' होतो. आपल्या घरचा म्हणून कोणीच त्याची ओळख सांगत नाही, ही मौजच आहे. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेले काही अपूर्व प्राणी बादशहा जहांगीरला नजर केले, त्यांत हा पक्षी होता. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याचे मोठ्या कुतूहलाने वर्णन केले आणि उस्ताद मन्सूर ह्या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने अलीकडच्या काळात टर्कीच्या सुधारित जाती तयार केल्या आहेत. तरी खानदेशातील बाजारात तो सहजी मिळणारा पक्षी नव्हे.

अशा दूरच्या पाहुण्याला बाईंनी कसे आपलेसे केले, हे सांगण्याजोगे आहे. टर्कीच्या छातीच्या मांसात चरबी अगदी थोडी असते. आच लागली की मांसातील तंतू आकसतात आणि आतले पाणी पिळून बाहेर टाकतात. चरबीचे मांस हा तोटा काही अंशी भरून काढते; टर्कीजवळ भरून काढायला काही नसते. बाईंना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. त्यांना उत्तर सापडले ते वांग्याच्या भरतात.

जळगाव जिल्ह्यातील वाचकांना भरताविषयी सांगणे म्हणजे सुतारापुढे रंधा धरण्यासारखे आहे. तरीही दूरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडची भरताची वांगी मोठी आणि फिकट हिरवी असतात. त्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. थंडीच्या दिवसांत कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर ती अख्खी भाजतात. साल काळी होऊन करपते, पण आतला गर रसरशीत राहतो. कारण साल रसाला बाहेर पडू देत नाही. मग साल काढून गर लाकडी भांड्यात ठेचतात आणि त्यावर मिरची, लसूण, कांद्याची पात घातलेली फोडणी पडते. बाई एकदा वांगी भाजता भाजता स्वतःशीच म्हणाल्या, की ह्याला साल आहे. माझ्या खिम्याची साल तर मीच काढून टाकली आहे. आता त्याला रस धरून ठेवणारे दुसरे काहीतरी द्यायला हवे.

ते दुसरे काहीतरी म्हणजे आदल्या दिवशीचा शिळा पाव. अर्धा किलो खिम्याला दोन पाव कुस्करून, अर्धी वाटी दुधात दहा मिनिटे भिजत ठेवायचे. त्या लगद्यातील पिठूळ अंश दूध धरून ठेवतो आणि मांस आकसून पाणी सोडू लागले की तेही शोषून घेतो. एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून चमचाभर तेलात मऊ होईपर्यंत परतायचा आणि पूर्ण गार करायचा. कांद्याचा ओलावा आणि गोडवा दोन्ही आत जातात. एक अंडे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, चमचाभर मीठ, मिरपूड आणि आपल्याकडचा काळा मसाला चिमूटभर. हे सारे बोटांच्या टोकांनी हलकेच एकत्र करायचे. कणकेसारखे मळायचे नाही. मिठासह मळलेला खिमा चिवट होतो आणि भाजल्यावर रबरासारखा लागतो. साच्यात भरताना दाबून ठासायचे नाही. वरून टोमॅटोचा पातळ थर द्यायचा, म्हणजे पृष्ठभाग सुकत नाही. 180 अंश सेल्सिअस तापलेल्या भट्टीत पाऊण तास. पक्ष्याचे मांस मध्यभागी 74 अंशांपर्यंत तापले म्हणजे खाण्यास निर्धोक होते; त्यापुढे ठेवलेले प्रत्येक मिनिट कोरडेपणा वाढवते. आणि शेवटी, बाहेर काढल्यावर दहा मिनिटे सुरी लावायची नाही. तेवढ्या वेळात उसळलेला रस पुन्हा आत मुरतो. घाई केली की तो ताटात वाहून जातो.

हे एका दिवसात साधले नाही. टर्की संपली तेव्हा कोंबडीच्या छातीच्या खिम्यावर प्रयोग चालले. कधी पाव जास्त झाला, कधी कांदा कच्चा राहिला. पण साधले, तेव्हा ते गृहस्थ पुन्हा पानावर वेळेवर येऊन बसू लागले.

आता आमची चूक. त्या वर्षी उपवासकाळातील एका रविवारी आम्ही मिताहारावर प्रवचन केले. प्रवचन जोमदार झाले, असे आम्हालाच वाटले. कित्येक घरांत दिवसाचे दिवस जिभेच्या सेवेत खर्ची पडतात, एकाच पदार्थाच्या पाठीमागे माणसे आठवडे घालवतात, जो वेळ प्रार्थनेला आणि शेजाऱ्याला द्यायचा तो फोडणीला दिला जातो, असे आम्ही बोललो. बाईंचे घर आमच्या मनात मुळीच नव्हते. पण प्रवचन करणाऱ्याच्या मनात कोण आहे, ह्यावर ऐकणाऱ्याचे मन चालत नाही.

तीनचार आठवड्यांनी आजारी माणसांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही त्या घरी गेलो. गृहस्थ बरेच खंगलेले दिसले. जेवणाची वेळ टळून गेली होती आणि मेजावर ताट तसेच होते: उकडलेल्या कोंबडीचे चार पांढरे तुकडे आणि भात. आम्ही सहज विचारले, "बाई, तुमचा तो लोफ दिसत नाही हल्ली?"

त्या खाली बघून म्हणाल्या, "फादर, तुम्हीच सांगितलं होतं ना? मला वाटलं, उपवासकाळात तरी तेवढं सोडावं. ह्यांना लागतं तेवढं पोटात जायला हवं, ते जातंय."

ते जात नव्हते. ताट समोर दिसत होते. गृहस्थ मात्र आमच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "तिचं काही चुकलं नाही, फादर. मलाच भूक नसते."

त्या क्षणी आम्हाला बोलायला काही सुचले नाही. आजारी माणसाला ख्रिस्तसभा उपवासाच्या आणि मांसवर्जनाच्या नियमांतून मोकळे ठेवते, हे आम्ही त्यांना सांगितले. पण ते उत्तर अपुरे आहे हे आम्हालाही जाणवत होते. चूक नियमाची नव्हती. आम्ही एका माणसाचा धडा दुसऱ्या माणसाला शिकवला होता.

परत आल्यावर आम्ही सेमिनरीच्या दिवसांतील संत थॉमस अक्वायनस उघडला. 13व्या शतकातील हा तत्त्वज्ञ खादाडपणाचे पाच प्रकार मांडतो: वेळेआधी खाणे, भारी किमतीचे खाणे, प्रमाणाबाहेर खाणे, हावरटासारखे खाणे आणि फार चोखंदळपणे रांधलेले मागणे. हा पाचवा प्रकार आमच्या प्रवचनाचा आधार होता. पण पुन्हा वाचताना दोन गोष्टी नव्याने दिसल्या. पहिली ही, की तो दोष अन्नावर ठेवत नाही. खाणाऱ्याच्या बेलगाम वासनेवर ठेवतो. पाचही प्रकार ताटापुढे बसलेल्या माणसाचे आहेत, चुलीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे नव्हेत. दुसरी ही, की त्याच ग्रंथात थोडे आधी तो सुखाविषयीच्या बधिरपणालाही दुर्गुण म्हणतो. जीवनाला आवश्यक असलेल्या क्रियांना निसर्गाने सुख जोडून दिले आहे. आरोग्यासाठी किंवा उच्च हेतूसाठी ते सोडणे योग्य, पण केवळ तुच्छतेने झिडकारणे अयोग्य, असा त्याचा अभिप्राय आहे. खंगलेल्या माणसाच्या बाबतीत ही केवळ तात्त्विक गोष्ट उरत नाही. चव ही त्याच्या भुकेला घातलेली हाक असते.

ह्या प्रश्नाने खानदेशाच्या मातीतही मूळ धरलेले आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे ह्यांनी 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. गीतेच्या 17व्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार आहेत. तेथे रसाळ आणि स्निग्ध अन्नाला सात्त्विक म्हटले आहे आणि रस निघून गेलेले, शिळे अन्न तामस गणले आहे. सात्त्विक म्हणजे बेचव, ही आपली समजूत त्या ग्रंथाची नव्हे.

आता विनोबा हे गांधीजींच्या आश्रमातले. त्या आश्रमाच्या अकरा व्रतांत अस्वाद हे एक व्रत होते: जिभेच्या सुखासाठी खायचे नाही. आणि त्यांची प्रवचने टिपणारे गुरुजी पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहीत होते. त्या पुस्तकातील अळणी भाजीची गोष्ट कोणाला ठाऊक नाही? आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एका शब्दानेही न सांगता भाजी खातात, उलट तिची वाखाणणी करतात. रांधणारीच्या मनाला लागू नये, हा त्यांचा भाव. नंतर आई स्वतः जेवायला बसते, तेव्हा तिला कळते, आणि आपण घरच्या माणसांना अळणी वाढले ह्याची तिला खंत वाटते.

आम्हाला वाटते, ह्या एका प्रसंगात आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. वडिलांनी चव मागितली नाही, हा त्यांचा संयम. आईला चव देता आली नाही म्हणून वाईट वाटले, ही तिची माया. दोघांचे वागणे परस्परविरुद्ध दिसते, पण दोघेही बरोबर आहेत. वडिलांनी 'भाजीत मीठ नाही' म्हणून ताट सरकवले असते, तर तो जिभेचा चोचला झाला असता. आणि आईने 'नाहीतरी ते काही बोलत नाहीत, मीठ असले काय नि नसले काय' असे म्हटले असते, तर तो त्यांच्या संयमाचा गैरफायदा झाला असता. चव मागणे आणि चव देणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अस्वाद हे व्रत आहे, आणि व्रत माणसाने आपल्या ताटात वाढून घ्यायचे असते. दुसऱ्याच्या ताटात ते वाढले, की त्याला उपेक्षा म्हणतात. आम्ही खाणाऱ्याचा नियम रांधणारीला सांगितला, ही आमची चूक.

येथे दोन आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला असा, की ज्या जगात कित्येकांना कोरडी भाकरीही मिळत नाही, तेथे मीटलोफच्या ओलाव्याची चर्चा शोभते काय? खर्चाने मिळवलेल्या चवीला हा आक्षेप नक्कीच लागू पडतो. टर्कीच्या ठिकाणी कोंबडी चालते, आणि गोठवलेल्या पक्ष्यासाठी कर्ज काढणाऱ्याला आम्ही शहाणा म्हणणार नाही. पण बाईंच्या पदार्थातील रस पैशाने आलेला नव्हता. तो शिळ्या पावातून, कांद्यातून आणि दहा मिनिटांच्या धीरातून आला होता. अर्धा किलो खिम्याचे तुकडे वाढले तर चार माणसांनाही जेमतेम पुरतात. पाव-कांद्याने वाढलेला तोच खिमा सहासात जणांना पुरतो. गरिबांच्या स्वयंपाकघरांनी ही कला फार पूर्वी शोधली. थोडे पुष्कळांना पुरावे आणि तरी ते हलके वाटू नये, ही कला चैनीची नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे. चव देणे हे कर्तव्य, असे म्हणायचे आणि ते कर्तव्य घरातल्या एकाच व्यक्तीच्या माथी मारायचे, हा न्याय कसा? आम्ही त्या घरी नंतर अनेकदा जेवलो. बाई सर्वांना मधल्या कापा वाढत आणि स्वतः शेवटी, गार झालेला, करपलेला कडेचा तुकडा घेत. ज्या हातांनी रस राखला, त्यांच्या वाट्याला कोरडा भाग. हे आपल्या बहुतेक घरांत घडते आणि आपण त्याला त्याग म्हणून मोकळे होतो. चव देणे हा प्रेमाचा नियम असेल, तर तो नवऱ्याला, मुलाला, सुनेला आणि घरी जेवायला आलेल्या फादरलाही लागू आहे. तिच्यासाठी मधली काप राखून ठेवणे एवढे तरी आपल्या हाती असते. एकदा आम्ही ती काप त्यांच्या ताटात वाढली, तेव्हा त्या लाजल्या आणि गृहस्थ म्हणाले, "हे मला चाळीस वर्षांत सुचलं नाही."

त्या उपवासकाळातच, पुढच्या रविवारी, आम्ही प्रवचनात आपली चूक कबूल केली. कोणाचे नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. सोमवारी बाईंनी पाव भिजत घातला. गृहस्थ त्यानंतर अकरा महिने जगले. आजार औषधांच्याही आटोक्याबाहेर गेला होता. मीटलोफने त्यांचे आयुष्य वाढवले, असा दावा आम्ही करणार नाही. पण त्या अकरा महिन्यांत ते पानावर बसून जेवले आणि शेवटच्या नाताळला त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

नीतिसूत्रांच्या पुस्तकात भांडणाच्या घरातील मेजवानीपेक्षा शांतीचा कोरडा घास बरा ठरवला आहे. आम्ही पूर्वी हे वचन कोरड्या घासाच्या बाजूने सांगत असू. आता आम्हाला वाटते, त्यात स्तुती शांतीची आहे, कोरडेपणाची नव्हे. कोरडा घास वाट्याला आला तर तो कुरकुर न करता गिळावा. परंतु दुसऱ्याच्या तोंडी घास द्यायचा असेल, तर तो आपल्याला जमेल तितका ओला करून द्यावा.

बाई आजही भुसावळलाच असतात. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरून आमच्याकडे एक डबा येतो. त्यात मधलीच काप असते. आम्ही दरवर्षी निरोप पाठवतो, की तुम्ही स्वतः कोणती खाल्लीत? उत्तर अजून आलेले नाही.